हिंगमिरे डॉक्टर आणि पाठीतली नळी

"नाक खाजतंय का?"

सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं की हिंगमिरे डॉक्टरांचा हा पहिला प्रश्न. ताप आहे का, झोप लागली का, चहा पोटात राहिला का, असलं काही नाही. पोट फाडून शिवलेला माणूस खाटेवर पडलाय आणि हे त्याच्यावर वाकून नाकाच्या शेंड्याकडे टक लावून बघतायत. तो बिचारा चाचरत "हो, जरा खाजतंय खरं" म्हणाला की यांचा चेहरा असा उजळायचा, जशी काही घरची पोर मॅट्रिकला पहिली आली. "वा, छान. खाजवा, मनसोक्त खाजवा," म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळायचे. आणि "नाही" म्हणाला की कपाळाला आठ्या.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं, हे नंतर कळलं. पण तोवर माझ्याच डोक्यावर व्हायची वेळ आली होती.

ही ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. नाशिकला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज होते. पगारे सिस्टर म्हटलं की गेटवरचा वॉचमनसुद्धा बिडी विझवायचा, एवढी माझी ख्याती. ती मी मेहनतीनं कमावली होती. माझ्या वॉर्डात चादरीला सुरकुती चालत नसे, लॉकरवर केळ्याची सालं चालत नसत आणि भेटायच्या वेळेबाहेर नातेवाईक चालत नसत. डॉक्टर लोक येतात, राउंड घेतात, चार सह्या करतात आणि जातात. वॉर्ड मागे राहतो, तो आमचा. एवढी साधी गोष्ट सगळ्या डॉक्टरांना कळत होती, एका हिंगमिऱ्यांना सोडून.

हिंगमिरे डॉक्टर भूल देणारे. पेशंट त्यांना झोपेचे डॉक्टर म्हणायचे. उंचीनं बेताचे, अंगात कायम फिकट बुशशर्ट आणि त्याचे दोन्ही खिसे फुगलेले. एका खिशात पेनं, टॉर्च, पेपरमिंटच्या गोळ्या. दुसऱ्यात काय असायचं ते पुढे सांगते. इंदिरानगरात तेव्हा नुकती कुठे घरं उठत होती, तिथे थोरल्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहायचे. लग्न केलेलं नव्हतं, पण घर भरलेलं होतं. भावजय डबा भरून द्यायची आणि पुतण्या रोज स्कूटर पुसून ठेवायच्या. म्हणजे कुणी विचारणारं नाही, खायचे-प्यायचे हाल आहेत, असा काही प्रकार नव्हता. असता तर मी त्यांच्यावर इतकी चिडले नसते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम ऑपरेशन थिएटरात. पेशंटला झोपवायचं, सांभाळायचं, उठवायचं, उठला की आमच्या ताब्यात द्यायचा आणि आपण हात धुऊन मोकळं व्हायचं. सगळीकडे हीच रीत. थिएटरात तर हे इतके मुके, की आमची थिएटरची सिस्टर म्हणायची, हिंगमिरे सर आलेत की नाही ते चपलांवरून ओळखावं लागतं.

असा हा सालस माणूस एकदा सुट्टी काढून मुंबईला गेला आणि तिथून ती नळी शिकून आला.

पाठीत दोन मणक्यांच्या मधून सुई घालायची, आत कण्याच्या आवरणाबाहेर बारीकशी फट असते तिथे एक केसासारखी नळी सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि नळी पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टीनं डकवून टाकायची. मग खांद्यापाशी तिच्यातून थोडंसं मॉर्फिन सोडायचं. एरवी कमरेत टोचायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी कमी. पाय बधिर होत नाहीत, शुद्ध जात नाही, माणूस खातो, बसतो, चालतो. दुखणं तेवढं जातं, आणि बराच वेळ जातं. त्या औषधानं नाक खाजतं. म्हणजे खाजलं की औषध पोचलं, असं यांचं गणित.

हे सगळं त्यांनी मला लिनन-रूमच्या दारात उभं राहून, हातवारे करून, दोनदा समजावून सांगितलं. मी म्हटलं, छान आहे, आणि चादरी मोजत राहिले. मला वाटलं, नवा जोश आहे, पंधरा दिवसांत उतरेल.

उतरला नाही. उलट वॉर्डात त्यांची खुर्ची आली.

लोखंडी, घडीची, मागच्या पत्र्यावर कुठल्याशा मंडपवाल्याचं नाव रंगवलेली. कुठल्या लग्नातून उचलून आणली होती देव जाणे. ज्या खाटेवर नळीचा पेशंट, त्या खाटेशी ही खुर्ची आणि खुर्चीत हिंगमिरे डॉक्टर. डबा तिथेच, पेपर तिथेच. थिएटरात दिवसभर पाळी असली की नव्या पेशंटला नळी लावायची नाही, पण पाळी संपली की सरळ वॉर्डात. रात्रीसुद्धा तिथेच, भिंतीला डोकं टेकून. ड्रेसिंगची ट्रॉली त्या खुर्चीला अडकायची. बेडपॅन घेऊन जाणारी मावशी त्यांच्या गुडघ्यांना अडकायची. मी रागावले की ते पाय वर घ्यायचे, खुर्चीवरच मांडी घालून बसायचे, आणि मी पाठ फिरवली की पाय पुन्हा खाली.

आता खरं कारणही सांगायला हवं, नाहीतर मी उगाच भांडकुदळ ठरेन. या औषधात एक मेख होती. हजारातून एखाद्याचा श्वास मंदावतो. तोही लगेच नाही, कितीतरी तासांनी, माणूस शांत झोपलेला असताना. आरडाओरडा नाही, तडफड नाही, श्वास नुसता हळू हळू होत जातो. कुणाचं लक्ष असेल तर उताऱ्याचं इंजेक्शन द्यायचं, माणूस ठीक. लक्ष नसेल तर संपलं. ते उताऱ्याचं इंजेक्शन यांच्या दुसऱ्या खिशात.

म्हणून ते रोज माझ्या मागे लागायचे. "सिस्टर, तुमच्या मुलींना शिकवू द्या. श्वास बघायचा असतो, बाकी काही नाही. त्यांनी बघितलं तर मला एकाच्या जागी चार पेशंटना देता येईल."

मी रोज नाही म्हणायचे. चाळीस खाटा आणि पाळीला दोन मुली. त्यात या नळीनं पेशंटची लघवी अडायची, की कॅथेटर घालायला पुन्हा आम्हीच. आणि उद्या कुणाचा श्वास थांबला तर बोट माझ्या मुलीकडे जाणार, हिंगमिऱ्यांकडे नाही. मी स्पष्ट सांगितलं, तुमचं औषध, तुमची नळी, तुम्हीच बसा.

तर ते बसले. मी असं म्हणायला नको होतं असं तेव्हा रोज वाटायचं, कारण हा माणूस नुसता बसत नव्हता, बोलत होता.

थिएटरातला मुका माणूस माझ्या वॉर्डात येऊन असा काही सुटायचा की विचारू नका. पेशंटच्या छातीकडे एक डोळा, हातात घड्याळ, आणि तोंड सुरू. गाव कुठलं? शेत किती? बारमाही पाणी आहे का? मुली कुठे दिल्या? एका सटाण्याच्या म्हातारीकडून त्यांनी डाळिंबाला कीड लागली तर काय करायचं ते सगळं ऐकून घेतलं. स्वतःच्या घरी तुळशीची कुंडी होती तेवढीच. एका पोस्टमनकडून त्याच्या बीटवरच्या सगळ्या कुत्र्यांचे स्वभाव ऐकले. पेशंटही अशा गप्पा मारायचे की बाजूच्या खाटांवरचे लोक माना वळवून ऐकायचे. मध्येच डॉक्टर म्हणायचे, "खोका बघू." पेशंट खणखणीत खोकायचा. पोट शिवलेला माणूस एरवी खोकत नाही, दुखतं म्हणून खोकला दाबतो, आणि मग छातीत कफ साठून ताप भरतो. हे मलाही माहीत होतं. पण सगळ्या वॉर्डाला दिवसभर कुणीतरी खोकून दाखवतंय, हे काय चाललंय, असं मला वाटायचं. माझा वॉर्ड आहे की एस.टी. स्टँड?

आणि मग आले विंचूरचे सोपानराव.

सोपानराव कांद्याचे शेतकरी. लासलगावच्या मार्केटात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून खाली पडले आणि एका बाजूच्या चार बरगड्या मोडून आमच्याकडे आले. बरगडी मोडली की ऑपरेशन नसतं, प्लास्टर नसतं, नुसतं सोसायचं असतं. त्यांना श्वास घेववत नव्हता. तोंडानं माशासारखं वरच्या वर हवा ओढायचे आणि प्रत्येक ओढीला डोळ्यांत पाणी. हिंगमिरे डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून नळी घातली. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे मुख्य सर्जन. त्यांना या प्रकरणात फारसा रस नव्हता, पण ते आडवेही येत नव्हते.

तासाभरात सोपानरावांनी छाती भरून श्वास घेतला. मग दुसरा घेतला. मग म्हणाले, "च्या मिळंल का?"

सोबतीला त्यांची बायको ठकूबाई आणि धाकटा भाऊ नामदेव. ठकूबाईला आधी संशय आला. इतकं दुखत होतं ते एकदम जातंच कसं? अंग तर मेलं नाही ना? तिनं धोतर बाजूला करून नवऱ्याच्या मांडीला असा सणसणीत चिमटा काढला की सोपानराव खाटेवर उडाले. मग तिची खात्री पटली आणि ती पदर डोक्यावर घेऊन खाली सतरंजीवर निवांत झोपली.

नामदेवाची मात्र पटली नाही. तो दारात उभा राहून बघत होता. त्याला काय दिसलं? की एक डॉक्टर खाटेजवळ खुर्ची टाकून बसलाय. हातात घड्याळ. नजर भावाच्या छातीवर. जेवायलासुद्धा उठत नाही. आता डॉक्टर काय असतो हे नामदेवाला माहीत होतं. डॉक्टर येतो, दोन मिनिटं बघतो आणि जातो. डॉक्टर खाटेशी बसून राहतो तो एकाच वेळी. गावात त्यानं तेवढ्याच वेळी डॉक्टर बसलेला पाहिला होता.

तरी तो थांबला असता. पण हिंगमिऱ्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मुलं किती? दोन? आणि भाऊ? जमीन वाटून झाली की एकत्रच आहे? विहीर कुणाकडे? मळ्यातलं घर कुणाच्या नावावर? सोपानराव नाक खाजवत सगळं सविस्तर सांगत होते. नामदेवानं ते दारातून ऐकलं आणि त्याला कळून चुकलं. डॉक्टर मरणाऱ्याकडून वाटण्या लिहवून घेतोय, दुसरं काय?

त्यानं मला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. सरळ द्वारकेच्या नाक्यावर गेला, तिथे विंचूरकडे परतणारा एक ओळखीचा ट्रक अडवला आणि ड्रायव्हरला निरोप दिला की दादाचं काही खरं नाही, सगळ्यांना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. तोच ट्रक अंगणात उभा आणि विंचुरातली भावकी आमच्या जिन्यात. सोपानरावांच्या दोन बहिणी सासरहून उचलून आणलेल्या, त्यातली एक पीठ मळता मळता निघालेली, हाताला पीठ तसंच. एक आजीबाई सगळ्यांत पुढे. तिनं येताना ट्रक गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, थांबवून तांब्यात पाणी भरून घेतलं होतं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासूनच सूर लावला होता. जिन्याच्या वळणावर सोपानरावांच्या दोन जावयांचं विहिरीवरून सुरू झालं होतं. एक म्हणत होता, मामांनी तोंडानं सांगितलंय. दुसरा म्हणत होता, कुणापुढं सांगितलंय?

मी सगळ्यांना ओरडून बाजूला करत वॉर्डात पोचले तोवर आजीबाई आत. तांब्या घेऊन खाटेशी गेली आणि थबकली. सोपानराव उशीला टेकून बसले होते, बशीतून चहा पीत. एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातानं नाक खाजवत.

"आगं मावशे," ते म्हणाले, "तू कशाला आलीस? कोन गेलं?"

आजीबाईचा सूर लागला होता तो तिला थांबवताच येईना. रडत रडतच तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, रडत रडतच तांब्यातलं पाणी माझ्या नुकत्या पुसलेल्या फरशीवर सांडलं. बहिणींनी नामदेवाला शिव्या घातल्या. ठकूबाई उठून बसली आणि तिनंही घातल्या. हिंगमिरे डॉक्टर खुर्चीवर मांडी घालून हे सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्यानं माझं पित्तच खवळलं. माणूस आनंदात होता. त्यांनी पीठ लागलेल्या बहिणीला विचारलं, "तुम्ही धाकट्या ना? तुम्हाला देवळ्याला दिलंय, बरोबर?"

त्याच वेळी मोठे डॉक्टर राउंडला आले, आणि नेमके त्या दिवशी सोबत एक ट्रस्टी. त्यांना जिन्यातून वर यायलाच मिळेना. जावयांनी तर ट्रस्टींनाच पंच नेमायचं ठरवलं होतं.

मोठे डॉक्टर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, म्हणूनच त्यांची भीती वाटायची. ट्रक गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ही खुर्ची उद्यापासून वॉर्डात दिसता कामा नये. डॉक्टर असे बसलेले बघून लोक काय समजायचे तेच समजणार. पेशंटवर नजर ठेवायची तर सिस्टर ठेवतील, त्यांनी ठेवलेली कुणाला खटकत नाही. सिस्टरना जमत नसेल तर हे पाठीतलं प्रकरण इथे बंद.

हिंगमिरे डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, माझ्याकडे माणसं नाहीत." आणि ते खरंच होतं.

प्रकरण बंद झालं. सोपानरावांची नळी काढून झाली होती, ते सातव्या-आठव्या दिवशी चालत घरी गेले. खुर्ची घडी होऊन स्कूटरच्या मागे बांधून गेली. वॉर्ड पुन्हा माझा झाला. ट्रॉली सरळ जायला लागली. मी मनातल्या मनात म्हटलं, सुटले एकदाची.

त्याच आठवड्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या एक बाई आल्या. नाशिकरोडला शाळेत शिकवायच्या. ऑपरेशननंतर त्यांना नेहमीचं, कमरेतलं इंजेक्शन, ठरल्या वेळानं. त्याचा जोर ओसरायचा आणि पुढचं मिळायला अवकाश असायचा, त्या मधल्या वेळात त्या दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. ओरडायच्या नाहीत. उशीचा अभ्रा दातांत धरायच्या. खोका म्हटलं तर डोळ्यांनीच नको म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत घरघर.

पाठ पुसताना त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या ओळखीच्या एक बाई इथेच होत्या दोन महिन्यांपूर्वी. हेच ऑपरेशन. त्यांना पाठीतून औषध दिलं होतं. दुसऱ्या दिवशी चालत होत्या म्हणे. मला का नाही दिलं?"

मी त्यांना काय सांगणार होते? की माझ्या ट्रॉलीला अडचण होत होती? मी म्हटलं, "हलू नका, पाठ ओली आहे."

असे पेशंट मी वर्षानुवर्षं बघत आले होते. ऑपरेशन झालं की दुखणारच, हे मी मुलींना शिकवलेलं, स्वतःही मानलेलं. पण आता त्याच खाटांवर मी लोकांना टोस्ट खाताना पाहिलं होतं. एकदा पाहिल्यावर ते पुसता येत नाही. त्या बाईंचा अभ्रा बदलताना त्यावर दातांच्या खुणा दिसल्या आणि मला इतका राग आला की काय सांगू. अर्थात तोही हिंगमिऱ्यांचाच. हा माणूस आलाच नसता तर माझी झोप शाबूत राहिली असती.

मी तशीच थिएटरात गेले. ते हात धूत होते. मी म्हटलं, "उद्यापासून शिकवा माझ्या मुलींना. आणि नीट शिकवा, मागाहून मला कुणाचं काही ऐकायला लावू नका."

शिकवण्याचं वर्णन करायला बसले तर माझं रक्त पुन्हा तापेल. त्यांनी माझ्या मुलींना रिकाम्या खाटांवर झोपवलं आणि एकमेकींचे श्वास मोजायला लावले. मोजता मोजता स्वतः त्यांच्याशी मुद्दाम गप्पा मारायचे. तुझं गाव कुठलं, बहिणीचं लग्न ठरलं का. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की माणूस मुद्दाम वेगळा श्वास घेतो, म्हणून नाडी बघतोय असं सोंग करायचं. झोपलेला पेशंट गोड झोपलाय म्हणून पुढे जायचं नाही, त्याच्याशीच आधी थांबायचं. शैला म्हणून माझी एक मनमाडची मुलगी होती, तिला तर त्यांनी इतकं पिडलं की ती रडली. पण शिकली. सगळ्या शिकल्या. नळीच्या पेशंटच्या चार खाटा मी माझ्या टेबलासमोर ओढून घेतल्या. मोठ्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं, मान हलवली, आणि पाठीतलं प्रकरण पुन्हा सुरू झालं. आता एकाऐवजी चार.

मी हिंगमिरे डॉक्टरांना बोलावून म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं? आता तुम्ही नळी घाला, औषध सोडा आणि सरळ घरी जा. रात्री अंथरुणावर झोपा. तुम्हाला बसायची गरज नाही."

मला वाटलं होतं, माणूस हरखून जाईल. मला दोन शब्द तरी बरे बोलेल. ते म्हणाले, "हो का? बरं झालं." खिशातलं उताऱ्याचं इंजेक्शन काढून त्यांनी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं, खण दोनदा उघडझाप करून बघितला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. खुर्ची नव्हती, पाण्याच्या माठापाशी उभे. मी म्हटलं, काय हवंय? म्हणाले, काही नाही, बघतोय कसं चाललंय. चांगलं चाललं होतं. त्यांनी एका पेशंटला नाकाचं विचारलं, तर पेशंट म्हणाला, शैला सिस्टरनी आत्ताच विचारलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि माठातलं पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते ऐन ड्रेसिंगच्या वेळी वाटेत उभे, आणि माझी ट्रॉली त्यांच्या घोट्याला लागली. मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, "डॉक्टर, वर्षभर माझ्या डोक्याशी कटकट केलीत. मुली द्या, मुली द्या. दिल्या. हवं ते मिळालं ना? मग आता इथे कशाला घोटाळताय?"

ते कठड्याला हात टेकून खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, माझा पेशंट म्हणजे झोपलेला माणूस. टेबलावर आला की मी नाव विचारतो. तो घाबरलेला असतो, नाव तेवढं सांगतो, आणि मी त्याला झोपवतो. शुद्धीवर आला की तो मोठ्या डॉक्टरांचा. पेढे त्यांना देतो, पाया त्यांच्या पडतो. पडायलाच पाहिजे. पण इतकी वर्षं झाली, मेनरोडला मला समोरून येताना माझेच पेशंट दिसतात. मी त्यांना ओळखतो, त्यांच्या छातीवरचा तीळसुद्धा मला माहीत असतो. ते मला ओळखत नाहीत."

मीही कठड्याला टेकले.

"हे पहिलेच," ते म्हणाले. "जागे असतात आणि दुखत नसतं. दुखणारा माणूस कुणाशी बोलत नाही हो, सिस्टर. दुखायचं थांबलं की बोलतो. आणि तेव्हा नेमका मी तिथे बसलेला असायचो."

एवढं बोलून ते ओशाळले. "मुली फार छान करतायत. माझ्यापेक्षा बऱ्या," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला त्यांचा राग आला होता, स्वतःचाही आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळे पुसावे लागले. ड्यूटीवर असताना मला ते अजिबात चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी नळी घालून झाल्यावर खरंच निघाले. जिन्यापर्यंत पोचले होते. मी टेबलामागून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली आणि म्हटलं, "डॉक्टर, दुपारी जरा येऊन बसत जा. माझ्या मुली चुकतात."

शैला कॅथेटरचा ट्रे हातात घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तिच्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. माझ्या वॉर्डाबद्दल असं वाक्य माझ्या तोंडून त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. तिला मी मागाहून समजावलं, पण दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

हिंगमिरे डॉक्टर परत आले. टेबलाशी उभे राहिले. समोरच्या चार खाटांकडे बघितलं, शैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुमच्या मुली चुकत नाहीत."

"नाही चुकत," मी म्हटलं. "तरी या."